पाच माणसांच्या घराला एक सरळ खोली मिळत नाही

मला कुणीतरी एक सांगा. आपल्याकडे सुट्टीत फिरायला कोण जातं? आईबाप, दोन मुलं आणि सोबत आजी नाहीतर आजोबा. मग हॉटेलची खोली कायम दोन माणसांचीच का असते? तिसरं माणूस दिसलं की जादा पैसे, चौथं दिसलं की कपाळाला आठ्या आणि पाचवं असेल तर थेट "मॅडम, दुसरी रूम घ्यावी लागेल." मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला न्यायचं ठरलं. तिथे रात्र काढायला खिशाला परवडेल अशी जागा शोधता शोधता माझं जे डोकं फिरलंय, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

मुंबई-पुण्याच्या लोकांचं ठीक आहे. सकाळी एक्स्प्रेस-वेवरून खालापूरला उतरायचं, दिवसभर खेळायचं, रात्री आपल्या घरी झोपायला. आम्ही नाशिकचे. मुलांना रात्रीच उठवून गाडीत कोंबायचं, दिवसभर उन्हात रांगांमध्ये उभं करायचं आणि त्याच रात्री नवऱ्याने पेंगत कसारा घाट चढायचा, हे मला चालणार नाही. शिवाय थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात उरकत नाही. म्हणजे मुक्काम आलाच. आणि मुक्काम आला की लुबाडणूक सुरू.

आधी ॲप. "पार्कपासून जवळ" म्हणून जी हॉटेलं दाखवतात, त्यातली अर्धी लोणावळ्याची. अहो, लोणावळा घाटमाथ्यावर आणि पार्क घाटाखाली खोपोली-पाली रस्त्याला! नकाशावर सरळ रेघ मारून काढलेलं अंतर काय कामाचं? मधला बोरघाट कोण उतरणार? शनिवार-रविवारी त्या घाटात गाड्या कशा खोळंबतात हे ज्याने एकदा पाहिलंय, तो असलं अंतर छापणारच नाही. पण छापतात, कारण वाचणारा बाहेरगावचा असतो आणि त्याला माहीत नसतं हे यांना पक्कं माहीत असतं.

मग तो लाल अक्षरातला मजकूर: "फक्त 1 खोली शिल्लक". मी रात्री बघितलं, एक शिल्लक. सकाळी डबे भरून झाल्यावर बघितलं, एक शिल्लक. पुढच्या आठवड्यात बघितलं तरी एकच शिल्लक. माणूस घाबरून पैसे भरतो यावरच यांचा धंदा चालतो. आणि दर? यादीत 2,499. आत गेलं की कर वेगळा. पुढच्या पानावर कन्व्हिनियन्स फी. त्याच्या खाली आधीच टिक करून ठेवलेला विमा, त्याखाली आधीच टिक केलेली देणगी. शेवटी मुलांची वयं टाकली की आकडा दुपटीवर. हा दर पहिल्या पानावर दाखवायला काय झालं होतं? माझ्या घरात माणसं किती ते तू मला पहिल्याच पानावर विचारलं होतंस ना?

हे सगळं कायद्याने चालत नाही, हे बघून तर संताप जास्त होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढलेली आहेत. फसवणुकीचे 13 प्रकार त्यात नावानिशी दिलेत. खोटी घाई करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू घुसवणं त्यात आहे, किंमत थोडी थोडी उघड करणं त्यात आहे. म्हणजे सरकारला कळतंय, हॉटेलवाल्याला कळतंय, ॲपवाल्याला कळतंय, आणि तरी ते लाल अक्षर तिथेच आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ॲपकडून उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पैशांचं अवाक्षर नाही.

आता मुलांच्या वयाचं घ्या. एसटीत पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. रेल्वेत वेगळा बर्थ घेतला नाही तर त्याच वयाला अर्धं भाडं. पार्कमध्ये मुलाची उंची मोजतात. तेही मला पटतं, राइडच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. हॉटेलांत मात्र प्रत्येकाचा नियम निराळा. एकाकडे पाच वर्षांनंतर पैसे, एकाकडे सहानंतर, एकाने तर मला फोनवर सांगितलं की आठच्या पुढे आम्ही अ‍ॅडल्ट धरतो. माझी नऊ वर्षांची मुलगी, जी अजून रात्री माझ्या दंडाला धरून झोपते, ती अ‍ॅडल्ट? आणि सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांना एसटी 2022 पासून फुकट नेते. हॉटेलात त्या "एक्स्ट्रा अ‍ॅडल्ट". जी बाई सकाळी अर्धी पोळी आणि चहा घेते, तिच्या माथी नाश्त्याच्या बुफेचे पूर्ण पैसे.

बरं, एक्स्ट्रा बेडचे जे पैसे घेतात त्यात देतात काय? आम्हाला जे मिळालं ते सांगते. रात्री दहाला एक पोरगा खांद्यावर गादी घेऊन आला आणि दारातच टाकली. दोन बोटं जाडीची, मधे खोलगट, एका कोपऱ्यातून कापूस बाहेर. खोळीवर कुणाचे तरी लांब केस चिकटलेले. उशी मागितली तर "बघतो". पलंग आणि भिंत यांच्या मधे ती पसरली आणि बाथरूमचं दार अर्धंच उघडायला लागलं. या गादीचे एका रात्रीचे पंधराशे! बाजारात त्या पैशात नवी गादी येते. सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, मी झोपते खाली." का असू दे? गुडघे धरून त्या जमिनीवरून उठणार, आणि त्यासाठी आम्ही पैसे भरणार? त्यांना पलंगावर झोपवलं आणि आम्ही दोघं खाली झोपलो. पोराची काही चूक नाही, त्याला बारा तास राबवतात. चूक त्या गादीवर पंधराशेचा दर लावणाऱ्याची आहे.

वेळेचं आणखी एक. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी दहाला. पार्क उघडणार सकाळी. म्हणजे पहिल्या दिवशी सामान गाडीत ठेवून पार्कात जा आणि शेवटच्या दिवशी अंघोळी उरकून, मुलांचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून दहाच्या आत बाहेर पडा. चोवीस तासांचे पैसे घेऊन वीस तास देतात. गरम पाणी सात ते नऊ. पाच माणसं, एक बाथरूम, दोन तास. पूल आहे म्हणून मुलं नाचत गेली, तर तिथे नायलॉनचा कॉस्च्यूम सक्तीचा, आणि तो भाड्याने त्यांच्याकडूनच घ्यायचा. हे बुकिंगच्या वेळी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आणि बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 12 होता. आमच्या बिलावर 12 टक्के लावलेले. दाखवलं तर काउंटरवरचा म्हणाला, "सिस्टीममधून येतं." अरे, सिस्टीममध्ये आकडा कोण भरतं? अर्धा तास उभी राहिले तेव्हा तो दुरुस्त केला. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने काही न बघता कार्ड पुढे केलं. त्याच्या कडेवर झोपलेलं मूल होतं, तो कुठे भांडत बसणार? अशा दमलेल्या आईबापांच्या जिवावरच हे चालतं.

कुणी म्हणेल, बंगला घ्यायचा. घेऊन बघा. लोणावळ्यात रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन एजंट उभेच असतात. दहा माणसांचं भाडं, वर डिपॉझिट, आणि आगाऊ रक्कम यूपीआयने अशा माणसाला पाठवायची ज्याचा बंगला आहे की नाही हेच आपल्याला ठाऊक नाही. फोटोंवरून पैसे उकळून फोन बंद करणाऱ्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मी पाच माणसांसाठी तो धोका पत्करणार नाही.

याच राज्यात दुसरी पद्धतही चालते ना! शेगावला जा. भक्तनिवासात स्वच्छ चादर, स्वच्छ संडास, सांगितला तोच दर, आणि कुटुंब बघून कुणी तोंड वाकडं करत नाही. देवस्थानाला जमतं ते नफा कमावणाऱ्या हॉटेलाला का जमू नये? इमॅजिकाच्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, अलीकडे महडचा वरदविनायक. पालीलाही भक्तनिवास आहे. संकष्टी-अंगारकी टाळली तर मिळण्याची शक्यता जास्त. मला हे आमच्या शेजारच्या काकूंनी परत आल्यावर सांगितलं. ज्या ॲपमध्ये मी रात्ररात्र डोळे फोडले, तिथे ते कुठेच दिसलं नाही, कारण तिथे कमिशन नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. पाच माणसांच्या खोलीचा दर पाच माणसांचा म्हणून लिहा, करासकट, पहिल्याच पानावर. गादी देणार असाल तर तिचा फोटो टाका. मूल किती वर्षांपर्यंत मूल, हे सगळ्या हॉटेलांना सरकारने एकच ठरवून द्यावं, एसटीला आहे तसं. मुलं दिवाळीत परत चला म्हणतायत. या वेळी मी ॲप उघडणार नाही. आधी पालीला फोन लावणार, तिथे नसेल तर हॉटेलांना, आणि पाचही जणांची वयं सांगून एकूण रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून मागणार. लिहून देत नसेल त्याला एक रुपया आगाऊ नाही.