मोटारी नाहीत, हीच वेंगेनची सोय

स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन या स्कीच्या गावावरचा लेख आवडला, पण 'मोटार वर नेता येत नाही, त्यामुळे लहान मुलं असतील तर वेंगेन गैरसोयीचं' हे अजिबात पटलं नाही. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेन गावाच्या स्टेशनाजवळच बहुमजली पार्किंग आहे. तिथे गाडी ठेवायची आणि दातेरी रुळांच्या रेल्वेत बसायचं, पाव तासात वेंगेन. १८९३ पासून ही रेल्वे धावतेय.

मुलांचंच म्हणाल, तर स्कीचे बूट घातल्यावर मोठ्या माणसालाही बदकासारखं चालावं लागतं, त्यात खांद्यावर स्की. अशा वेळी सात वर्षांचं पोर रस्त्यात मागे रेंगाळलं तरी जीव टांगणीला लागत नाही, हे केवढं सुख आहे! नवशिक्यांचा उतार तर गावाच्या मधोमध. फक्त हॉटेलांच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आवाज न करता मागून येतात, तेवढं मुलांना बजावून ठेवावं.

लेखात उंचीबद्दल लिहायला हवं होतं. वेंगेन १२७४ मीटरवर आहे, त्यामुळे मार्चअखेरीस गावाजवळचा बर्फ दुपारी पाणचट होतो. तेव्हा सकाळीच त्याच रेल्वेनं वर क्लाइने शायडेक खिंडीत (२०६१ मीटर) जावं, किंवा मुक्कामच दरीपलीकडच्या म्युरेनला करावा. तेही मोटारींविना आहे आणि १६३८ मीटरवर. जानेवारीत जाणार असाल तर आधी इथल्या लाउबरहॉर्न स्की-शर्यतीच्या तारखा बघा, त्या आठवड्यात खोली मिळणं फार कठीण.