"शिळे मासे, घरातले दोघे आजारी" या १ स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची मुलगी आणि मिस्टर आजारी पडले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनवर आमचा काउंटरवरचा मुलगा उद्धट बोलला, तीही चूक आमचीच. त्याला समज दिली आहे.

पण "शिळे मासे खपवतात" हे वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हापशात २२ वर्षं खाणावळ चालवतोय. त्या दिवशीची सुंगटं (कोळंबी) सकाळी साडेसहाला मी स्वतः मालीम जेटीवरून बर्फात घालून आणली होती. एक वाजता तुम्ही पाचही जण त्याच सुंगटांचं हुमण (आमटी) इथं बसून जेवलात, कुणाला काही झालं नाही. दीडला निघताना त्याच पातेल्यातलं पार्सल नेलंत. पुढचं तुम्हीच लिहिलंय: पार्सल डिकीत, तुम्ही कलंगुटला पाण्यात, आणि जेवण रूमवर रात्री साडेआठला. सात तास, ताई! मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीत! आम्ही शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवतो, नाहीतर ५ अंशांच्या खाली फ्रिजमध्ये. मधल्या तापमानात जंतू वाढतात, आणि त्यातले काही असं विष सोडतात की मग कितीही उकळी काढा, ते जात नाही. भातातसुद्धा. म्हणून "नीट गरम करून खाल्लं" याने काही साधत नाही. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या म्हणता, ते या प्रकाराशीच जुळतं. मी डॉक्टर नाही, पण परवानाधारकांच्या प्रशिक्षणात हे शिकवतात.

तरीही संशय असेल तर तक्रार जरूर करा. उरलेलं हुमण फेकलंत तेवढं वाईट झालं. बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवलं असतं तर तपासता आलं असतं, आणि माझ्याही जिवाला बरं वाटलं असतं. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अन्न आणि औषध प्रशासनाकडे जा, किंवा फूड सेफ्टी कनेक्ट या सरकारी तक्रार अ‍ॅपवर नोंदवा. आमचा १४ आकडी परवाना नंबर बिलावर आहे. तपासायला कुणीही यावं, स्वयंपाकघर उघडं आहे.

पार्सलवर "दोन तासांत खा" असं लिहिलेलं नव्हतं, हे मात्र मान्य. यापुढे स्टिकर वगैरे काहीतरी करू.

पार्सलचे पैसे परत द्यायला तयार आहे, फक्त तो "शिळे" शब्द काढा. सीझन संपत आलाय, १ जूनपासून मासेमारी बंद, हे चार दिवसच कमाईचे. आणि मुलगी आता कशी आहे ते कळवा. तिनं दुसऱ्यांदा मागितलेल्या सोलकढीचे पैसे मी लावले नव्हते.