टार्गेट कुणी ठरवलं, हा प्रश्न 'विषयाबाहेरचा' कसा?

कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांनी एकमेकांकडून शिकावं, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच त्या नावाखाली जे चालतं ते बघून राग येतो.

एका प्रशिक्षणात गट पाडले, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, 'मोकळेपणाने बोला' म्हणून सांगितलं. विषय होता, चुका कमी कशा करायच्या. मशीनवर काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "चुका शिफ्टच्या शेवटी होतात, हात चालेनासे होतात तेव्हा. हे टार्गेट ठरवलं कुणी?" प्रशिक्षक म्हणाले, "तो आजचा विषय नाही." आणि फळ्यावर लिहिलं, 'एकाग्रता वाढवणे'.

अख्ख्या दिवसातला शिकण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता!

जर्मन तत्त्वज्ञ माक्स हॉर्कहायमर यांनी 1937 मध्ये विचारांच्या दोन प्रकारांतला नेमका हाच फरक मांडला होता. पहिला विचार असलेली व्यवस्था गृहीत धरतो आणि तिच्यात आपलं काम चोख करतो. दुसरा, म्हणजे चिकित्सक विचार, विचारतो की ही व्यवस्था अशी झाली कशी आणि ती कुणाच्या सोयीची आहे. आपली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्यापाशीच थांबतात. पुढे जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनी अशा संवादाची कल्पना मांडली, जिथे जोर फक्त चांगल्या युक्तिवादाचा चालेल. पण ज्यांच्या हातात पगारवाढ आहे ते साहेब शेजारी बसलेले असताना जोर कशाचा चालणार? नुसत्या खुर्च्या गोल मांडून भागत नाही.

लोकांच्या जगण्यापासून शिकवायला सुरुवात केली तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात सुमारे 300 जणांना साधारण 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवलं. सुरुवात केली ती लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून. तेव्हा तिथे निरक्षरांना मताचा हक्कच नव्हता, म्हणजे अक्षरओळख झाली की माणूस मतदार होणार. 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, काम बंद पडलं आणि फ्रेरे तुरुंगात गेले.

'पैसे कंपनीचे, मग विषयही कंपनीचाच', असं काही जण म्हणतील. काही बाबतींत मान्य. आग विझवायचं यंत्र कसं वापरायचं ते सरळ सांगूनच शिकवावं, तिथे चर्चा नको. पण जिथे लोकांच्या अनुभवातून काही काढायचंय, तिथे निदान निम्मे विषय त्यांनी ठरवावेत. फळ्यावर त्यांचेच शब्द जसेच्या तसे यावेत. आणि टार्गेट बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ठरलेल्या तारखेला येऊन उत्तर द्यावं, नकार असला तरी कारणासकट.