राज्य पुरस्कार स्वीकारायला जाताना घ्यावयाची काळजी

आपल्या पाल्याला स्काऊटचा राज्य पुरस्कार जाहीर झाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंतच्या पायऱ्या, दोरीच्या गाठी, होकायंत्र, तंबू आणि परीक्षा शिबिर हे सारे त्याने पार केले असले, तरी खरी कसोटी वितरण समारंभातच लागते. ती आम्ही बापलेकांनी गेल्याच महिन्यात दिलेली असल्याने, चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पत्रिकेवर साडेदहाची वेळ छापलेली असेल, तर मुलाला आठ वाजताच मैदानावर उभे करावे.

घाम पुसायला स्कार्फ वापरू देऊ नये. गणवेशाचा अपमान होतो.

प्रमुख पाहुणे उशिरा येतात याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण त्यांना वाटेत आणखी एक उद्घाटन उरकायचे असते. आमचे पाहुणे पाऊण वाजता आले. तोवर मंडपातले सोफे रिकामे होते आणि मुले उन्हात सलामीचा सराव करत होती. बेरेट काढायची नाही, रांग मोडायची नाही, आणि पाण्याच्या पिंपात तर अकरापासूनच ठणठणाट. दोघांना भोवळ आली. त्यांना उचलून सावलीत नेले, पाय उंच करून निजवले, ते सोबतच्याच मुलांनी. प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक आयोजकांनी मुद्दाम ठेवले असावे, असे मानून मी गप्प बसलो.

पाहुणे भाषणभर ‘एनसीसीचे कॅडेट’ म्हणत राहिले, तर टाळ्या वाजवाव्यात.

स्काऊट जगभर डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हे मुलाला त्या दिवसापुरते विसरायला सांगावे. माझ्या मुलाने शिकवल्याप्रमाणे डावा हात पुढे केला, पाहुण्यांनी आपला हात मागे घेतला, आणि शेजारचे पदाधिकारी दबक्या आवाजात त्याच्यावर खेकसले, “उजवा दे, अक्कल नाही का?” त्यांच्या स्वतःच्या गळ्यातही स्काऊटचाच स्कार्फ होता.

हाती आलेले प्रमाणपत्र दुसऱ्याच मुलाचे निघाले, तर मांडवाबाहेर नावे पुकारत आपले शोधावे. आम्हाला आमचे अर्ध्या तासाने सापडले. खाली राज्यपालांची स्वाक्षरी, वर आमचे आडनाव चुकलेले. दुरुस्तीसाठी म्हणे शाळेमार्फत अर्ज करा.

आता सरळच बोलतो. ‘तयार’ हे तुमचे ब्रीद ना? मग मुले आठला तयार होती, तुम्ही पाऊणपर्यंत का नव्हता? वर्षानुवर्षे खपलेल्या पोराला सावली, घोटभर पाणी आणि त्याचे स्वतःचे नाव एवढेही देता येत नसेल, तर हा मांडव घालूच नका. प्रमाणपत्रे टपालाने पाठवा. आम्ही ती घरीच मुलाच्या हाती देऊ आणि हस्तांदोलन डाव्या हाताने करू.