आय ॲम लेट, न्हवं?

काल संध्याकाळी पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या इंग्रजीचे धिंडवडे निघाले.

लेक दहावीत. क्वेश्चन टॅगची, म्हणजे वाक्याच्या शेवटी 'हो ना?' जोडायची, दहा वाक्यं गृहपाठाला होती. तिला सर्दी झालेली, रात्रीचे साडेदहा वाजलेले, म्हणून मीच उरकली. 'आय ॲम लेट'पुढं नियमाला धरून 'ॲम्न्ट आय' लिहिलं. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढून खाली विचारलंय, 'हे कोणी शिकवलं?' तिथं 'आरंट आय' पाहिजे म्हणे! 'आय'पुढं 'ॲम' येतं, एवढंच काय ते मला पक्कं येत होतं. तेही गेलं. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, हिची पहिलीत. २००० सालापासून तसंच आहे. म्हणजे दहावीला येईतो माझी सहा वर्षं, हिची दहा. आणि गृहपाठ कोण करतंय, तर मी.

तर लेकीच्या मैत्रिणीच्या वहीतली पोएम अप्रिसिएशनं झेरॉक्सला दिली होती. (कवीचं नाव, र्‍हाइम स्कीम, एक अलंकार, थीम. पाच मार्क. कविता वाचायची गरज नाही.) लेकीची वही काउंटरवर उघडीच. शेजारी सातबाऱ्याच्या झेरॉक्सा काढायला आलेले एक आजोबा त्या लाल गोलाकडं टक लावून बघत होते.

"पोरगी नापास झाली व्हय?"

"नाही ओ. वाक्याचं शेपूट चुकलं." आणि मी त्यांना क्वेश्चन टॅग समजावून सांगितला. नडलं ते हेच.

"म्हंजे बोलून झाल्यावर इचारायचं?"

"हां. होकाराला नकार, नकाराला होकार. 'ही'ला 'इझंट ही', 'दे'ला 'आरंट दे', 'लेट्स'ला 'शॅल वी'."

आजोबांनी सातबारा घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला. "एवढी शेपटं कशाला? आपल्यात बघा. पाऊस आला, न्हवं? म्हस व्याली, न्हवं? तुमी शिकल्यालं, न्हवं? सगळ्या गुरांना एकच शेपूट!"

झेरॉक्सवाला मशीन थांबवून हसला. लेक तर भिंतीकडं तोंड करून हसत होती.

राग आजोबांचा नाही. दिवसभर हापिसात मान डोलवायची आणि जेवण झालं की 'डू ॲज डायरेक्टेड'. 'रिमूव्ह टू'. नको होता तर घातला कशाला? शाळा गृहपाठ देते, फी घेऊन क्लासवालेही देतात, आणि वही येते माझ्या मांडीवर. पालक सभेत सांगतात, लक्ष द्या. लक्ष दिलं की हा गोल.

पैसे देऊन निघालो, तर आजोबांनी वहीवर बोट ठेवलं. एकदा माझ्या खिशातल्या पेनाकडं बघितलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"ह्ये अक्षर तुमचं, न्हवं?"