२४ प्रश्नांवरून कैदी 'दगडाच्या काळजाचा' ठरवता येत नाही

पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की आता अशी टेस्ट आलीये ज्यात २४ प्रश्न विचारले की कोण दगडाच्या काळजाचा ते कळतं, तर येरवड्यातल्या झाडून सगळ्या कैद्यांना ती द्या आणि स्कोअर जास्त आला की जामीन, पॅरोल, फर्लो (शिक्षा भोगताना मिळणारी ठरावीक सुट्टी) सगळं बंद, कारण ही माणसं सुधारतच नाहीत.

टेस्ट खरी आहे. पॉल फ्रिक या मानसशास्त्रज्ञांची, २००४ ची, 'इन्व्हेंटरी ऑफ कॅलस-अनइमोशनल ट्रेट्स', थोडक्यात आयसीयू म्हणतात तिला. २४ विधानं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, म्हणजे फार तर ७२. पण ती मुळात लहान आणि टीनएजर मुलांसाठी बनवलेली, त्यात पालक आणि शिक्षकांनी भरायचे फॉर्मही वेगळे आहेत, आणि इतके मार्क पडले की माणूस निर्दयी अशी सर्वमान्य रेषा तिच्यात नाहीच.

बरं, कैद्याकडून भरून घेतली तर उत्तरं तोच देणार ना! फर्लो त्यावर अवलंबून आहे म्हटल्यावर 'दुसऱ्याला दुखावलं की मला वाईट वाटतं' यावर कोण नाही म्हणेल? जो खरंच थंड डोक्याचा आणि चलाख आहे तोच सगळ्यात छान पेपर लिहील, आणि अडकेल तो सरळ बोलणारा.

त्यातला एक भाग भावना दाखवण्याबद्दल आहे. आता बराकीत रडणाऱ्याचं काय होतं ते आत राहून आलेल्या कुणालाही विचारा. मुलाखतीला आई आली तरी पोरगा चेहरा कोरा ठेवून 'वकिलाला भेटलीस का' एवढंच विचारतो आणि ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याला 'भावनाशून्य' चे मार्क द्यायचे? संशोधनातही हाच भाग हिंसक वागण्याशी सगळ्यात कमी जुळतो.

मग कुणी म्हणेल रॉबर्ट हेअर या मानसशास्त्रज्ञांची पीसीएल-आर लावा, म्हणजे माणूस सायकोपॅथ आहे का ते तपासायची यादी. ती मोठ्यांसाठीच आहे, २० मुद्दे, ४० पैकी स्कोअर, अमेरिकेत ३० ची रेषा, तिथून पुढे सायकोपॅथ धरतात. पण तिला ट्रेनिंग घेतलेला माणूस, लांबलचक मुलाखत आणि जुनी सगळी फाइल लागते, आणि तरीही २०१३ च्या एका अमेरिकन प्रयोगात त्याच फाइलींना सरकारी पक्षाचं काम समजून तपासणाऱ्या तज्ज्ञांनी जास्त मार्क दिले, बचाव पक्षाचं काम समजणाऱ्यांनी कमी.

आणि सुधारत नाहीत हे कुणी सांगितलं? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा या बालगुन्हेगारांच्या उपचार केंद्रात अशाच, सगळ्यांनी हात टेकलेल्या पोरांवर चिकाटीने उपचार केले तर बाहेर पडल्यावर त्यांच्याकडून हिंसक गुन्हे कमी झाले.

सगळ्यात चीड येते ती जामिनाच्या मुद्द्याची. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातले ७५ टक्क्यांहून जास्त कैदी कच्चे आहेत, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. जो माणूस म्हणतोय की मी हे केलंच नाही, त्याला 'तुला पश्चात्ताप होतो का' विचारणार, आणि तो नाही म्हणाला की त्याचे मार्क त्याच्याच विरोधात धरून त्याला आत ठेवणार?