नूतनीकरणात तास का मोजत नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

ब्रिटनमधल्या पोडियाट्रिस्टच्या, म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या, नोंदणीविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला मुख्य आक्षेप असा आहे की महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल डॉक्टरांकडून दर 5 वर्षांनी 30 क्रेडिट पॉइंटचा, म्हणजे प्रशिक्षणाला हजर राहून मिळणाऱ्या गुणांचा, हिशोब घेते, आम्ही पोडियाट्रिस्ट मात्र दर 2 वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी संगणकावर चार ठिकाणी खूण करतो, फी भरतो आणि या सोपस्काराला रुग्णाची सुरक्षितता म्हणतो. मुलांसाठी काही वर्षे घरी राहिलेल्या पोडियाट्रिस्ट बाईला परत कामावर येताना 60 दिवस शिकायला लावणे अन्यायाचे आहे, असेही आपण लिहिले आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. आमच्या शिक्षणाच्या नोंदी तपासल्या जातात एवढेच मी लेखात लिहिले होते. किती जणांच्या, ते सांगायचे राहून गेले. आमची नोंदणी करणारी संस्था हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स काउन्सिल, म्हणजे एचसीपीसी, प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी त्या व्यवसायातल्या 2.5 टक्के लोकांची यदृच्छया निवड करते आणि फक्त त्यांच्याकडूनच पुरावे मागवते. बाकीच्यांनी केलेल्या घोषणेवर विश्वास ठेवला जातो. वाचकाला हा आकडा माहीत असायला हवा होता आणि आपण त्यावर बोट ठेवले ते योग्यच केले.

पण त्या चार खुणांचा अर्थ आपण समजता तेवढा हलका नाही. पोडियाट्रिस्टचे नूतनीकरण सम वर्षांत येते आणि त्याची मुदत 31 जुलैला संपते. त्यावेळी आम्ही लिहून देतो की गेल्या 2 वर्षांत आपण व्यवसाय करत होतो, सतत शिकत राहण्याचे निकष पाळले आणि आपल्या प्रकृतीत किंवा वर्तनात रुग्णाला धोका होईल असा कोणताही बदल झालेला नाही. ही घोषणा खोटी ठरली तर नोंदणी जाऊ शकते. आणि 'पोडियाट्रिस्ट' व त्याचेच जुने नाव 'कायरोपॉडिस्ट' या दोन्ही पदव्यांना इथे कायद्याचे संरक्षण असल्यामुळे, यादीतून नाव गेल्यावर दारावर ती पाटी लावून लोकांची दिशाभूल करणे हा गुन्हा ठरतो.

आता तासांविषयी. एचसीपीसी तास मोजत नाही, गुणही मोजत नाही, हे खरे आहे. नोंद अद्ययावत असावी, शिक्षण एकाच प्रकारचे नसावे, त्याने आपल्या कामाचा दर्जा सुधारावा, सेवा घेणाऱ्याला त्याचा फायदा व्हावा आणि मागितल्यावर हे सगळे लेखी मांडता यावे, असे तिचे पाच निकष आहेत. माझे नाव एकदा त्या 2.5 टक्क्यांत आले होते, म्हणून हे मी अनुभवाने सांगतो. हजेरीची प्रमाणपत्रे माझ्याकडे जाडजूड फाइल भरेल एवढी होती. लिहायला बसल्यावर कळले की त्यातली बहुतेक निरुपयोगी आहेत, कारण 'यामुळे तुमच्या रुग्णाला काय मिळाले' या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तरच नव्हते.

ज्या एका प्रशिक्षणाने उत्तर दिले ते फक्त एका दिवसाचे होते. आपण फिजिशियन आहात, त्यामुळे मधुमेहात पायाच्या धमन्यांच्या भिंतींत चुना साचतो आणि रक्तदाब मोजायचा पट्टा कितीही आवळला तरी त्या दबत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. घोट्याचा रक्तदाब मग खोटा जास्त दिसतो, त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागले की आकडा साळसूदपणे 1 च्या वर येतो आणि आपण रक्तपुरवठा ठीक आहे असे लिहून मोकळे होतो. मीही अनेक वर्षे तेच करत होतो. त्या दिवसानंतर मी अशा रुग्णांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजू लागलो, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हा दोष सहसा कमी असतो.

तिसऱ्याच आठवड्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. करंगळीच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी जखम, दुखत नव्हती, म्हणून ते निर्धास्त होते. आधीच्या भेटीत माझ्याच अक्षरात लिहिलेला आकडा होता 1.1. अंगठ्याचा दाब भरला 34 मिमी पारा, म्हणजे धोक्याइतका कमी. त्याच दुपारी मी त्यांना रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले, धमनी उघडली गेली आणि जखम भरायला चार महिने लागले, पण बोट राहिले. तपासणीसाठी पाठवलेल्या मजकुरात मी हेच लिहिले, माझ्या जुन्या 1.1 सकट. तो मजकूर दोन परीक्षकांनी वाचला आणि त्यांतला किमान एक पोडियाट्रिस्टच असतो, त्यामुळे शब्दांची आरास करून वेळ मारून नेणे कठीण जाते.

याचा अर्थ आपल्याकडचे 30 गुण वाया जातात असा मी काढत नाही. मोजणीमुळे निदान प्रत्येकाला वर्गात येऊन बसावे लागते आणि आमच्या पद्धतीत तीही सक्ती नाही. आपल्याला एकच विचारतो: त्या 30 गुणांपैकी कोणत्या गुणामुळे आपण रुग्ण तपासण्याची रीत बदलली, हे आपल्याला कधी कोणी लिहायला सांगितले आहे का?

परत येणाऱ्या बाईविषयी आपण दिलेली माहिती अर्धीच बरोबर आहे. 2 वर्षांपेक्षा कमी खंड असेल तर काहीच करावे लागत नाही. 2 ते 5 वर्षांसाठी 30 दिवस आणि त्यापुढे 60 दिवस. हे दिवस देखरेखीखाली काम करून, अभ्यासक्रम घेऊन किंवा घरी वाचून भरता येतात, फक्त घरचे वाचन निम्म्याहून अधिक चालत नाही. आजारपण किंवा बाळंतपणाच्या काळात नोंदी तपासणीसाठी निवड झाली, तर ती पुढे ढकलण्याची विनंतीही करता येते. देखरेख करणारा माणूस मात्र जिचा तिने शोधायचा, आणि तो सहजासहजी मिळत नाही. इथे अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण ब्लेडने भोवरी तासणारा हात पाच वर्षे बंद राहिला असेल, तर खालची जिवंत त्वचा कुठे सुरू होते हा अंदाज पुस्तकातून परत येत नाही. माझ्या आईचा पाय मी अशा हातात देखरेखीशिवाय देणार नाही.

भारतात 2021 च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टचे नाव आले आहे. नूतनीकरणाचे नियम घडवताना आपल्यासारख्या डॉक्टरांचे मत विचारले गेले, तर गुण अवश्य ठेवा, पण अर्जात एक रिकामी जागाही ठेवायला सांगा, जिथे प्रत्येकाला एका रुग्णाची, नाव न देता, हकिगत लिहावी लागेल.